न धुतलेला स्वेटर

पेटी पाच दिवस खोलीच्या मधोमध तोंड वासून बसली होती. करड्या प्लास्टिकची, पुढे जाळीचं दार. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी फोनवर तसं बजावलंच होतं. "उचलून ठेवू नका हं. मांजराला वाटलं पाहिजे, हे घरातलंच सामान आहे. स्टूल असतं तसं." पाच दिवसांत घरातले सगळे तिला एकेकदा ठेचकाळले. चार वर्षांच्या पिटूने तिच्यात बाहुलीला शिक्षा म्हणून कोंडलं. आप्पा तिच्यावर वर्तमानपत्र ठेवू लागले. पेटी सगळ्यांच्या अंगवळणी पडली. फक्त जिच्यासाठी आणली होती ती तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती.

ती म्हणजे बाईसाहेब. पांढरं मांजर, पाठीवर एक राखाडी ठिगळ, आणि चालण्यात असा तोरा की बबडीच्या आईने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं. "बघ कशी बघते माझ्याकडे! जसं काही मीच हिच्याकडे कामाला आहे." तेव्हापासून मांजरीला सगळेच अहोजाहो करत. बबडी स्वतः पदवीधर, एका लेकराची आई, शाळेच्या दाखल्यावर चांगलं भारदस्त नाव असलेली. पण माहेरी तिला बबडीच म्हणत आणि मांजराला बाईसाहेब. आईला हे दाखवून दिलं की आई म्हणायची, "मग? मान कमवावा लागतो."

आई जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर तिचे वडील, आप्पा, एक सुटकेस आणि बाईसाहेब घेऊन बबडीकडे राहायला आले होते.

काम तसं साधंच होतं. मांजरीची नसबंदी करायची, आणि चुकलेल्या लसी द्यायच्या. लसीचं कार्ड आईनेच जपून ठेवलेलं. त्यावर पहिल्या वर्षीच्या तारखा शाईने, आणि खाली पुढच्या वर्षीची तारीख आईच्या बारीक, उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेली. त्याच्याही खाली : "ऑपरेशन – विचारणे." विचारायचं राहून गेलं. त्याच महिन्यात आईच्या स्वतःच्या तपासण्या सुरू झाल्या आणि मग घरात दुसरं कुठलंच कार्ड कुणी उघडलं नाही.

आता बाईसाहेब माजावर यायच्या. आल्या की आठ-आठ दिवस घसा फोडून रडायच्या, दार जरा किलकिलं झालं की बाहेर झेप. समोरच्या भिंतीवर एक फाटक्या कानाचा बोका येऊन बसायचा. आप्पा त्याला 'जावईबापू' म्हणत. इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण महिन्यापूर्वी पिटूने त्या रडण्याला घाबरून मांजरीला छातीशी घट्ट धरलं आणि तिने पंजा मारला. डोळ्याखाली. बबडीने तो ओरखडा नंतर पट्टी लावून मोजला. डोळ्यापासून अर्धा इंच. पिटूला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शनं सुरू केली, मांजर नजरेखाली ठेवलं. सगळं ठीक निघालं. पण तो अर्धा इंच बबडीच्या मनातून हलेना. पिटू झोपली, की ती तिच्या गालाकडे बघत बसायची.

त्यानंतर दोनदा दवाखान्याची वेळ घेतली आणि दोनदा हुकली. पहिल्यांदा बाईसाहेब कपाटामागे गेल्या आणि वेळ टळून तासभर झाल्यावर आळस देत बाहेर आल्या. दुसऱ्यांदा बबडीने कागदावर लिहिल्याप्रमाणे रात्री दहानंतर त्यांना काही दिलं नव्हतं, सकाळी पाणीही उचललं होतं. पण पिटूने आपल्यातलं अर्धं बिस्कीट त्यांना चारलं.

"अगं, तुला सांगितलं होतं ना, काही द्यायचं नाही म्हणून?"

"मी तिला विचारलं, भूक लागली का. ती हो म्हणाली."

भरल्या पोटी भूल देत नाहीत. तीही वेळ गेली.

त्या संध्याकाळी पिटूचा बाबा छापखान्यातून आला, हातावरची शाई घासत घासत त्याने ऐकून घेतलं, आणि नॅपकिनला हात पुसत म्हणाला, "हे बघ, मी काही राक्षस नाही. पण या शनिवारी नाही जमलं तर तिला माझ्या मावसभावाच्या गोदामावर सोडू. ऐसपैस जागा आहे, उंदीर आहेत. मजेत राहील."

"आणि आप्पा?"

"आप्पांना मी समजावतो. अगं, लस नाही, ऑपरेशन नाही, आणि घरात लहान पोर. तूच सांग, मी चुकीचं बोलतोय का?"

चुकीचं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. बबडी भांडायला तोंड उघडायची आणि तिला तो ओरखडा दिसायचा. पण गोदाम म्हटलं की दुसरंच काही दिसायचं. आईच्या मांडीवर बसलेलं, आईच्या हाकेला शेपटी उभी करून धावणारं, आईच्या मागे जिवंत उरलेलं ते एवढंच होतं. ते आपल्या हाताने गोदामात सोडायचं?

शुक्रवारी तिने पुन्हा दवाखान्यात फोन केला.

"पेटीत जाते का?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"बघतसुद्धा नाही हो."

"आत काय घातलंय?"

"टॉवेल. स्वच्छ धुऊन."

"धुऊन? अहो, तिथेच चुकलात. धुतलेलं नको. अंगावरचा कपडा घाला. ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव आहे ना, त्याचा. दोन दिवस वापरलेला असला तर उत्तम."

मग घरात निवडणूकच झाली. पिटूने ऐटीत आपला फ्रॉक दिला. बाईसाहेबांनी तो लांबून हुंगला आणि शिंकल्या. पिटूच्या बाबाचा शाईचा वास मारणारा शर्ट ठेवला, तर खोलीतूनच निघून गेल्या. बबडीने स्वतःचा गाऊन ठेवला. आप्पांनी भरवसा असल्यासारखी आपली बंडी काढून दिली. "माझ्याच पायाशी झोपते रोज. बघच तू." बाईसाहेब बंडीपर्यंत आल्या, पेटीत डोकं घातलं, आणि दोन पावलं मागे सरून आप्पांच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"हरलो बुवा," आप्पा म्हणाले. हसले, पण नजर खाली होती. "तिचा जीव कुणावर, ते काय आपल्याला ठाऊक नाही?"

बबडीने बंडी पेटीतून काढून घेतली. तिच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, पिटूच्या तान्हेपणीच्या कपड्यांखाली एक घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी होती. तीत आईचा स्वेटर होता. तो तिथे आहे हे तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आप्पांना तर नाहीच नाही.

त्याचं असं होतं. आप्पांनी छत्तीस वर्षं लॉन्ड्री चालवली. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून आई रफूचं काम करायची. लोकांच्या कोटाची भोकं ती अशी बुजवायची की खुद्द मालकाला जागा सापडू नये. आई ज्या दिवशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बबडी माहेरच्या घरात गेली, तर दोऱ्यांवर जागा नव्हती. आईचे सगळेच्या सगळे कपडे आप्पांनी धुऊन वाळत घातले होते. कपाटातले, दोरीवरचे, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले. पांघरूण, उशीचा अभ्रासुद्धा. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्याला इस्त्री केली, कडा जुळवून घड्या घातल्या आणि गठ्ठे बांधले. घरभर साबणाचा वास. आईचा कुठेच नाही. बबडी खोल्याखोल्यांतून फिरली, घड्यांमध्ये नाक खुपसून बघितलं आणि मनात म्हणाली, या माणसाने आईला धुऊन काढलं.

तोंडाने मात्र कधीच बोलली नाही.

एक स्वेटर तेवढा वाचला होता, कारण आई तो आजारपणाच्या आधी बबडीकडे विसरून गेली होती. तपकिरी लोकरीचा, कोपरावर आईनेच केलेला रफू. बबडीने तो पिशवीत घातला. दिवसातून एकदा, सगळे आपापल्या कामाला लागले की ती पिशवी बोटभर उघडायची, एक श्वास घ्यायची आणि लगेच बंद करायची. मशीनचं तेल. सांधेदुखीचं मलम. आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. दोन श्वास घेतले तर दुप्पट संपेल, या भीतीने तिने कधी दुसरा घेतला नव्हता.

शनिवारी सकाळी आप्पा पिटूला शाळेत सोडायला गेले. नवरा कामावर गेला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "बघ हं." बबडीने पिशवी काढली. या वेळी ती पूर्ण उघडली. स्वेटर दोन्ही हातांत धरून तोंड त्यात पुरलं आणि पोटभर श्वास घेतला, मग आणखी एक, आणखी एक. मग तो पेटीत पसरला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

बाईसाहेब खिडकीत होत्या. आधी कान वळला. मग त्या उतरल्या, थांबत थांबत पेटीपर्यंत आल्या, मान आत घातली. आणि त्यांच्या तोंडून आठ महिन्यांत कुणी न ऐकलेला आवाज निघाला. आई दुकानातून घरी आली की निघायचा तो. अर्धवट, प्रश्न विचारल्यासारखा. त्या सरळ आत शिरल्या. स्वेटरवर गोल फिरल्या, कोपरावरच्या रफूजवळ नाक रोवलं आणि पुढचे दोन्ही पंजे एकाआड एक दाबू लागल्या, पिल्लू आईच्या अंगाला दाबतं तसे. गुरगुर भिंतीपर्यंत ऐकू येत होती.

आणि असं ऐकत असतानाच बबडीला हात पुढे करून दार लावायचं होतं.

तिने ते लावलं. कडी खट्‌कन बसली. गुरगुर थांबली. जाळीतून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले.

"माफ करा हो, बाईसाहेब," ती म्हणाली आणि पेटी छातीशी धरून तीन गल्ल्या चालत गेली.

दवाखान्यात मदतनीस बाईंनी वजन केलं, ताप पाहिला, कार्ड मागितलं. मग एक संमतीचा कागद पुढे सरकवला. "इथे मालकाची सही. कार्डावर नाव आहे त्या तुम्हीच का?"

"नाही. ती माझी आई."

"मग त्यांना बोलवता का जरा?"

"ती वारली."

मदतनीस बाईंचं पेन थांबलं. त्यांनी कार्ड जवळ ओढलं आणि नावावर रेघ मारायला टोक टेकवलं.

"खोडू नका," बबडी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाकावरच्या दोघांनी मान वळवली. "माझं नाव खाली लिहा ना. जागा आहे खाली."

त्यांनी खाली लिहिलं. पेन्सिलच्या अक्षरांना धक्का न लावता.

तेवढ्यात दार उघडून कुणीतरी मोठा कुत्रा आत आणला. तो पेटीजवळ येऊन एकदाच भुंकला. पेटीत धडपड झाली, एक किंकाळी, आणि जाळीखालून पिवळं पाणी टेबलावर ओघळायला लागलं.

"होतं असं, होतं. घाबरली बिचारी," म्हणत मदतनीस बाई पेटी आत घेऊन गेल्या. पाचएक मिनिटांनी हातमोजा घातलेल्या हातात एक पिशवी लांब धरून परत आल्या. "ओकलीसुद्धा आहे थोडी. स्वेटर जुनाच दिसतोय, टाकून देऊ?"

"नको!"

"बरं बरं. दुपारी चारला या. सगळं नीट होईल."

बबडी लगेच घरी गेली नाही. बाकावर बसून राहिली, मांडीवर ती पिशवी. तिने एकदाच उघडून बघितली. मुताचा उग्र भपका आला, डोळ्यांना झोंबला. त्यात तिने ओळखीचं काहीतरी शोधलं. पुन्हा शोधलं.

दुपारी ती पिशवी घेऊन ती घरात शिरली तेव्हा आप्पा पिटूला जेवायला घालून निजवून बसले होते. "कसं झालं? काय म्हणाले?" ते उठले, आणि मग त्यांचं नाक आक्रसलं. छत्तीस वर्षं मळक्या कपड्यांत काढलेला माणूस. "काय आहे त्यात? आण इकडे, लगेच भिजवायला हवं ते."

"आप्पा, नको."

"अगं, लोकर आहे का? मुताने खाल्ली जाईल. दे."

त्यांनी पिशवीतून स्वेटर बाहेर काढला आणि त्यांचे हात जागच्या जागी राहिले. अंगठा कोपरावरच्या रफूवर गेला. पुन्हा पुन्हा फिरला.

"हा... हा तिचा."

"हो."

"हा तुझ्याकडे होता?"

"हो."

"आठ महिने?"

बबडी मान वर करेना.

"धुतलेला नव्हता?"

"नव्हता," ती म्हणाली, आणि मग आठ महिन्यांचं बांधून ठेवलेलं एकदम सुटलं. "म्हणूनच लपवला. तुम्हाला दिसला असता तर तुम्ही धुतला असता! सगळं धुतलंत तुम्ही आप्पा, सगळं! एक दिवस थांबला नाहीत. उशीचा अभ्रासुद्धा ठेवला नाहीत मला!"

आप्पा स्टुलावर बसले. स्वेटर मांडीवर, पँट ओली होते आहे याचं भान नाही.

"शेवटच्या दिवशी," ते म्हणाले, "तिचं अंथरुण खराब झालं होतं. दवाखान्यात. तिला लाज वाटली गं. माझा हात धरून म्हणाली, माझे कपडे कुणाच्या हाती देऊ नका, तुम्हीच धुवा. लोकांच्या कपड्यांची भोकं झाकणारी बाई ती. मी म्हटलं, धुतो. मग ती गेली. घरी आलो. कुठले कपडे म्हणत होती, ते विचारायला राहिलंच कोण? म्हणून मग सगळेच धुतले." ते थांबले. "मला दुसरं काही येतच नाही, बबडे."

बबडी उभीच होती.

"अभ्र्याचं तिसऱ्या दिवशी लक्षात आलं," आप्पा म्हणाले. "उशी जवळ घेतली तेव्हा. म्हटलं, अरे, हे काय करून बसलो आपण." त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एकदा दाखवला असतास मला. नुसता लांबून."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. रोजचा एक श्वास, असे आठ महिने. आणि भिंतीपलीकडच्या खोलीत हा माणूस साबणाच्या वासाच्या उशीवर डोकं ठेवून झोपत होता.

"ही बाही कोरडी आहे," ती हळूच म्हणाली. "डावी. बघा."

आप्पांनी बाही उचलली, डोळे मिटले, मनगटाजवळ नाक नेलं. बराच वेळ तसेच राहिले.

"मलम," ते म्हणाले.

"हो."

"आणि मशीनचं तेल."

"हो."

आणखी काही त्यांनी सांगितलं नाही. मग बाही तिच्यापुढे धरली. तिनेही घेतला, एक श्वास.

"एवढी बाही ठेवता येईल का आप्पा? बाकीचा धुवायचा."

आप्पांनी मान हलवली. "लोकर पाणी ओढते गं. एक टोक भिजवलं की सगळीकडे चढतं. अर्धा कपडा धुता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तसाच ठेवला तर महिन्याभरात हातात येणार नाही. रफूची जागा आधी जाईल. तू म्हणशील तसं. या वेळी तू सांगशील तेच."

बबडीने रफूकडे बघितलं. उभे-आडवे बारीक टाके, एकही चुकलेला नाही.

"धुवा," ती म्हणाली.

त्यांनी कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून ते किती ऊन आहे पाहिलं, तान्ह्या मुलाचं पाहतात तसं. चोळला नाही, पिळला नाही. नुसता दाबत राहिले. बबडी शेजारी उकिडवी बसून बघत होती. पाणी पिवळट झालं, मग गढूळ, मग निवळ. तीनदा बदललं. तिन्ही वेळा तिने ते मोरीत जाताना पाहिलं. मग आप्पांनी स्वेटर टॉवेलवर सपाट पसरला, बाह्या सरळ केल्या, आणि खिडकीखाली उन्हात ठेवला.

चारला ती बाईसाहेबांना घेऊन आली. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, लसी झाल्या होत्या, कार्डावर नवे शिक्के होते. पोटावरचे केस काढलेले, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचं मोठं नरसाळं. दहा दिवस काढायचं नाही, असं कागदावर ठळक लिहिलं होतं. नवऱ्याला तिने छापखान्यात फोन केला. "झालं." तो म्हणाला, "शाब्बास! मग आता राहू दे की घरीच." हेच तर हवं होतं. ती हो म्हणाली.

पिटू झोपेतून उठून बाबाने आणलेल्या रंगीत कागदांशी खेळत होती. "आई, बाईसाहेब टेबलावरचा दिवा झाल्या!" ती खिदळली. पेटीचं दार उघडलं. बाईसाहेब झोकांड्या खात बाहेर आल्या. आप्पांच्या पायाशी गेल्या नाहीत, खाण्याकडे गेल्या नाहीत. सरळ खिडकीखाली, टॉवेलपाशी. मान खाली घातली.

नरसाळ्याची कड जमिनीला लागली. टक्.

त्यांनी मान वाकडी केली. टक्. मागे सरून पुन्हा पुढे. टक्. नाक आणि लोकर यांत वीतभर अंतर राहत होतं, ते काही केल्या मिटत नव्हतं.

"दोन मिनिटं काढू का गं ते?" आप्पांनी हलकेच विचारलं. "मी घट्ट धरतो तिला. चाटू देत नाही."

बबडीने कागदाकडे बघितलं. पण ती कागदामुळे थांबली नव्हती. मांजराचं नाक आपल्यापेक्षा किती तिखट असतं हे तिने कुठेतरी वाचलं होतं. बाईसाहेबांनी हुंगलं आणि त्या तिथेच बसल्या, तर ठीक. पण हुंगलं आणि वळून चालू लागल्या, तर?

"नको," ती म्हणाली.

आप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

टक्. टक्.

"आई, काय हवंय तिला?" पिटूने विचारलं.

"आजीचा स्वेटर."

"मग दे ना तिला."

"दिलाय की," बबडी म्हणाली. "तिच्या पुढ्यातच आहे बघ."